सुपरवायझरची बढती सोडून परत मशीनवर: पगार नेमका कुठे येऊन थांबतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातून रोज बेळगावला ये-जा करणारे 46 वर्षांचे एक गृहस्थ उद्यमबागेतल्या एका कारखान्यात 20 वर्षं नोकरीला आहेत. त्यातली बहुतेक वर्षं सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) मशीनवर गेली. 14 महिन्यांपूर्वी त्यांना सुपरवायझर केलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेव्हा 22,400 होते, बढतीनंतर 27,000 झाले. आता रक्तदाब वाढलाय. रात्री-अपरात्री फोन, रिजेक्शनचा जाब, दोन्ही बाजूंनी बोलणी खाणं हे झेपत नाही आणि परत मशीनवर जायचंय. ऑफिसनं टाइप करून दिलेला अर्ज सहीसाठी हातात आहे. पगार किती कमी होणार, ग्रॅच्युइटी-पीएफचं काय, सही करू का, असं ते विचारतात. पोस्टात असलेल्या त्यांच्या मेहुण्यालाही बढती नकोय, त्याचंही विचारलंय.

आधी सहीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्या अर्जावर आहे तशी सही करू नका. मागे येण्याचा तुमचा निर्णय चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. वीस वर्षं मशीनवर हात बसलेला माणूस तब्येतीसाठी परत मशीनवर जातो, यात कमीपणा कसला? पण पगाराची हाताळणी करताना इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. बढती सोडणाऱ्याचं नुकसान पद सोडल्यानं थोडं होतं, पद सोडताना दिलेल्या कागदानं जास्त होतं.

तुम्ही अर्जाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. दोनच ओळी आहेत, कानडीत. आपल्याकडची मंडळी कानडी बोलतात, बाजारहाट करतात, पण ऑफिसातली कानडी वाचायची वेळ आली की शेजारच्या टेबलाकडे बघतात. तुम्हीही तसंच केलं असणार. पहिली ओळ आहे ‘नन्न स्वइच्छेयिंद हिंबडती कोरुत्तेने’, म्हणजे माझ्या स्वखुशीनं पदावनती मागतो. ती ठीक आहे. दुसरी ओळ आहे ‘कंपनी निगदिपडिसुव वेतनक्के ओप्पिद्देने’. तिचा अर्थ, कंपनी ठरवेल त्या पगाराला माझी संमती आहे. ही ओळ म्हणजे कोऱ्या चेकवर सही. उद्या त्यांनी 21,000 ठरवले तरी तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही.

ऑफिसला हा अर्ज कशाला हवा असतो तेही समजून घ्या. कामगाराचा पगार किंवा हुद्दा मालकाला मनात आलं म्हणून खाली आणता येत नाही. शिक्षा म्हणून आणायचा तर आरोपपत्र, चौकशी, सबळ कारण लागतं. सेवाशर्ती बदलायच्या तर 21 दिवसांची नोटीस लागते. तुम्ही स्वखुशीनं लिहून दिलंत की या दोन्ही गोष्टींची गरज उरत नाही. म्हणजे अर्ज ही त्यांचीही गरज आहे. म्हणूनच त्यात काय लिहायचं यावर बोलायला तुम्हाला जागा आहे, आणि ती सही करण्याआधीच आहे.

आता आकडे पाहू. खाजगी कारखान्यात बढती सोडणाऱ्याचा पगार किती करायचा हे कुठल्याही कायद्यात आकड्यानं सांगितलेलं नाही. किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही, एवढं सोडलं तर नेमणूकपत्र, कारखान्याचे स्थायी आदेश (म्हणजे लेखी सेवानियम), युनियनबरोबरचा करार आणि तुमचं आपसातलं पत्र, यावरच सगळं ठरतं. व्यवहारात तीन आकडे निघतात.

पहिला आकडा 22,400. ‘तुम्ही जिथं होता तिथं परत.’ ऐकायला सरळ वाटतं आणि बहुतेक ऑफिसं इथूनच सुरुवात करतात. पण या 14 महिन्यांत तुमच्याबरोबरचे ऑपरेटर जागेवर थांबले होते का? तुम्हीच लिहिलंय की तुमच्याच वेळी लागलेल्या ऑपरेटरला वार्षिक वाढ आणि करारातली वाढ धरून आज 24,100 मिळतात. हा दुसरा आकडा. तुम्ही बढती घेतलीच नसती तर आज जिथं असता, तो. तिसरा आकडा 27,000, म्हणजे काम ऑपरेटरचं, पगार आहे तोच, फक्त ऑपरेटरची श्रेणी तिथपर्यंत पोचेतो पुढची वाढ गोठवलेली.

मी तुमच्या जागी असतो तर 24,100 धरून बसलो असतो. 27,000 मागून बघायला हरकत नाही, पण शेजारच्या मशीनवर तेच काम करणारा माणूस 2,900 कमी घेत असेल तर ते शॉपमध्ये फार दिवस टिकत नाही, आणि पुढच्या करारात तुमच्याकडेच बोट दाखवलं जातं. 24,100 मात्र हक्कानं मागा. त्यामागचा युक्तिवाद साधा आहे. 14 महिने तुम्ही घरी बसला नव्हता, त्याच कारखान्यात त्याच खात्यात राबत होता. सरकारी नोकरीत हे तत्त्व लेखी आहे. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांतला 26 वा नियम सांगतो की वरच्या पदावर केलेली सेवा, माणूस खालच्या पदावर परत आल्यावर, खालच्या पदाच्या वेतनवाढीसाठी धरली जाते. तुमच्या मालकाला तो नियम लागू नाही, पण बोलणीच्या टेबलावर तो ठेवता येतो. मी ठेवला आहे आणि त्यावर समोरच्याला उत्तर सुचत नाही, हेही पाहिलं आहे.

22,400 आणि 24,100 यांत फरक किती? महिन्याला 1,700. चहापाण्याचा हिशेब वाटतो. तुम्हाला 58 पर्यंत 12 वर्षं आहेत. पुढची एकही वाढ न धरता 1,700 गुणिले 144 महिने म्हणजे 2,44,800 रुपये. आता ग्रॅच्युइटी. ती शेवटच्या पगारावर निघते: शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. तुमची वर्षं 32 होतील. 22,400 वर ती 4,13,538 येते, 24,100 वर 4,44,923, आणि 27,000 वर 4,98,461. म्हणजे पहिल्या दोन आकड्यांत आणखी 31 हजारांचा फरक. तुमच्याकडे पीएफ पूर्ण पगारावर कापत असतील तर 1,700 वर 12 टक्क्यांनी महिन्याला 204 तुमचे आणि तेवढाच मालकाचा वाटा, तोही गेला. दोन ओळींच्या अर्जातली दुसरी ओळ एवढ्याला पडते.

पेन्शनची मात्र काळजी करू नका. पीएफच्या पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे 15,000 पर्यंतचाच पगार मोजतात आणि शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी काढतात. तुमचे तिन्ही आकडे 15,000 च्या वर आहेत. पूर्ण पगारावरच्या जादा पेन्शनचा पर्याय दिला असेल आणि तो मंजूर झाला असेल तरच हा मुद्दा उघडतो.

ओव्हरटाइमकडेही बघा. लोक पगारपत्रकातला वरचा आकडा बघून घाबरतात आणि हे विसरतात. कामगाराला जादा तासांचे पैसे कायद्यानं दुप्पट दरानं मिळतात. सुपरवायझर झाल्यावर बहुतेक ठिकाणी ते बंद होतात, तुमचेही झाले असतील. 24,100 ला 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागलं की तासाला 115 रुपये 87 पैसे येतात, त्याचे दुप्पट जवळजवळ 232. महिन्यात 12 तास जादा काम झालं तर 2,780 रुपये. 24,100 अधिक 2,780 म्हणजे 26,880. सुपरवायझरचे 27,000 आणि हे यात फरक 120 रुपयांचा! पण तुम्ही तब्येतीसाठी मागे येताय, तेव्हा ओव्हरटाइमच्या भरवशावर घरचा हप्ता लावू नका. ओव्हरटाइम ग्रॅच्युइटीतही मोजत नाहीत. तरी घरात ‘चार-पाच हजारांचं नुकसान’ अशी जी चर्चा चालली असेल ती खरी नाही, हे वहिनींना हा हिशेब दाखवून सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही फोनवर ओझरतं म्हणालात की ऑफिसमधल्या कुणीतरी सुचवलंय, ‘सुपरवायझरचा राजीनामा द्या, हिशेब घ्या, दुसऱ्या दिवशी ऑपरेटर म्हणून नवीन घेतो.’ हे ऐकून तुम्हाला ते सोपं आणि फायद्याचं वाटलं असेल. का वाटलं असेल तेही मला कळतं, कारण आकडे तसेच दिसतात. आज राजीनामा दिलात तर 20 वर्षांची ग्रॅच्युइटी 27,000 वर निघेल: 3,11,538 रुपये, लगेच हातात. पुढची 12 वर्षं 24,100 वर धरली तर 1,66,846. बेरीज 4,78,384. सलग नोकरी ठेवून 24,100 वर मिळणाऱ्या 4,44,923 पेक्षा ही 33 हजारांनी जास्त आहे. मुलीचं कॉलेज किंवा घराचा स्लॅब समोर असला की तीन लाख मोठे दिसतात.

तरी मी तुम्हाला हात जोडून सांगतो, हे करू नका. राजीनामा दिला की तुमची वीस वर्षांची ज्येष्ठता संपली. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या कारखान्यातले सगळ्यात नवे कामगार. परत घेतलं तर किती पगारावर, कायम म्हणून की प्रोबेशनवर की कंत्राटदाराच्या नावावर, हे त्यांच्या मर्जीवर. फाउंड्री आणि मशीन शॉपचा धंदा ऑर्डरवर चालतो. वाहन कंपन्यांची मागणी मंदावली की उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत सगळीकडे शिफ्ट कमी होतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. कामगार कपात करायची तर शेवटी आलेला आधी बाहेर, हा कायद्याचा नियम आहे. आज तुम्ही त्या यादीत तळाला सुरक्षित आहात, राजीनाम्यानंतर पहिलं नाव तुमचं असेल. कपातीची भरपाईही सेवेच्या वर्षांवर मिळते, आणि ती वर्षं तर तुम्ही पुसून टाकलेली असतील. नवीन ग्रॅच्युइटीसाठी परत 5 वर्षं भरावी लागतील. 33 हजारांसाठी हा व्यवहार कुणीही करू नये. माझ्याकडे असे दोघं आले होते, दोघंही सही करून झाल्यावर. त्या वेळी माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. ते अजून मनातून जात नाही, म्हणून इतकं लांबण लावून लिहितोय.

तर अर्ज कसा लिहायचा? कानडीत किंवा इंग्रजीत, ऑफिसला चालेल त्या भाषेत. पण आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहा, घरी वाचून बघा आणि मग विश्वासातल्या माणसाकडून उतरवून घ्या. मजकूर साधारण असा असावा:

‘मी अमुक तारखेपासून सुपरवायझर पदावर काम करत आहे. त्याआधी मी ऑपरेटर म्हणून कायम होतो. प्रकृतीच्या कारणामुळे मला माझ्या मूळ ऑपरेटर पदावर परत घ्यावे, ही विनंती. माझी सेवा मूळ रुजू तारखेपासून सलग धरावी. सुपरवायझर म्हणून केलेली सेवा ऑपरेटर श्रेणीतील वेतनवाढीसाठी धरून, मी ऑपरेटर पदावरच राहिलो असतो तर आज जो पगार असता तो निश्चित करावा. माझी ज्येष्ठता व शिल्लक रजा कायम ठेवावी. वेतननिश्चितीचा आदेश मिळाल्यावर तो पाहून मी माझी संमती लेखी कळवेन.’

शेवटचं वाक्य सोडू नका. ते वगळा म्हणून आग्रह होईल. आधी आकडा, मग संमती, हाच क्रम ठेवा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा, म्हणजे उद्या ‘काम जमलं नाही म्हणून काढलं’ असा शेरा फाइलवर येणार नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुरकुर केली तर स्पीड पोस्टानं पाठवा.

तुमचं बढतीचं पत्र मात्र मी पाहिलेलं नाही, ते काढून ठेवा. त्यात प्रोबेशन किती महिन्यांचं लिहिलंय आणि नंतर कायम केल्याचं पत्र मिळालं का, हे बघायचंय. जुन्या केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत असं कलम होतं की कायम कामगाराला नव्या पदावर प्रोबेशनवर घेतलं तर त्या 3 महिन्यांत त्याला मूळ कायम पदावर परत पाठवता येतं. बऱ्याच कारखान्यांचे स्थायी आदेश त्याच धर्तीवर आहेत. तुमचं प्रोबेशन अजून संपवलेलं नसेल, कायम केल्याचं पत्र नसेल, तर ‘माझं मूळ पद ऑपरेटरचंच आहे, मी तिथं परत जातोय’ हे म्हणणं जास्त भक्कम होतं आणि 24,100 ची मागणीही. आणि पत्रात बढती हा शब्दच नसेल, फक्त ‘प्रभारी सुपरवायझर’ आणि दरमहा अमुक भत्ता एवढंच असेल, तर प्रश्नच संपला. तुम्ही ऑपरेटरचं पद कधी सोडलंच नव्हतं. भत्ता बंद होईल, बाकी सगळ्या वाढी तुमच्या नावावर लागल्याच पाहिजेत, मागच्या फरकासकट.

बढतीच्या पगारातला किती भाग मूळ पगारात घातलाय आणि किती ‘सुपरवायझर भत्ता’ म्हणून, हेही पगारपत्रकात बघा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही नव्या कामगार संहिता (एकत्रित कामगार कायदे) लागू झाल्या आहेत आणि वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. परत आल्यावर ऑफिस पगाराची नवी मांडणी करेल तेव्हा मूळ पगार आणि महागाई बारीक करून भत्ते फुगवलेले नाहीत ना, एवढं तपासा. हातात येणारी रक्कम तीच दिसते आणि ग्रॅच्युइटी-पीएफ आतून खाल्ला जातो.

मशीनवर परत जाण्याचा एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. महिना 18,000 पेक्षा जास्त पगार घेणारा आणि खरोखर देखरेखीचं काम करणारा माणूस औद्योगिक संबंध संहितेत कामगार धरला जात नाही. म्हणजे आज तुमचा काही वाद झाला तर कामगार म्हणून दाद मागताना पहिला अडथळा हाच. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम कुठलं हे न्यायालय बघतं, तरी भांडण तिथूनच सुरू होतं. ऑपरेटर झालात की तुम्ही पुन्हा कामगार, युनियनच्या करारात, 21 दिवसांच्या नोटिशीच्या आणि कपातीच्या नियमांच्या छपराखाली. 46 व्या वर्षी या छपराची किंमत महिन्याच्या दोन-तीन हजारांहून जास्त आहे, असं माझं स्वच्छ मत आहे.

तारीख निवडताना वाढ कधी लागते ते बघा. तुमच्याकडे 1 एप्रिलला वाढ लागत असेल तर मार्चमध्ये खाली येऊ नका, वाढ पडू द्या. करार संपत आला असेल, नव्याची बोलणी चालली असतील, तर ऑपरेटरच्या यादीत तुमचं नाव सहीच्या दिवसाआधी आलेलं बरं. नाहीतर ‘करारावेळी हे युनिटमध्ये नव्हते’ म्हणून थकबाकी अडकते.

तुमच्यापेक्षा कमी पगाराचं कुणी हे वाचत असेल, एखाद्या पतसंस्थेत शाखेची जबाबदारी सोडून परत कॅशियर झालेल्या ताई वगैरे, तर त्यांनी 21,000 ही रेषा लक्षात ठेवावी. पगार तिच्या खाली आला आणि संस्था ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) असेल तर त्या पुन्हा ईएसआयमध्ये येतात. पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो आणि घरच्यांचा दवाखाना परत सुरू होतो. बोनसची पात्रताही त्याच 21,000 वर आहे.

आता तुमचा मेहुणा. त्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथं सगळं आकड्यानिशी लिहिलेलं आहे. तो पोस्टल असिस्टंट आहे, सरकारी वेतन तक्त्यातली लेव्हल 4, मूळ पगार 31,400, नोकरीला दहा वर्षं व्हायची आहेत. एलएसजीची (लोअर सिलेक्शन ग्रेड, म्हणजे वरच्या पदाची) बढती आली आहे, लेव्हल 5, पण जागा लांबची. तो विचारतो की घेऊन मग सोडावी की आधीच नको म्हणावं.

आधीच नाकारली तर पगार आहे तोच राहील, पण वर्षभर नवी बढती मिळत नाही आणि तेवढ्यात पुढे गेलेल्या कनिष्ठांच्या मागे राहावं लागतं. त्याहून मोठा फटका एमएसीपीचा. 10, 20, 30 वर्षांनी मिळणारी ही वरची श्रेणी बढती न मिळाल्यामुळे अडकून पडलेल्यांसाठी आहे. दहा वर्षं भरण्याआधी नियमित बढती नाकारली तर सरकार म्हणतं, तुम्ही अडकलेला नाहीत, तुम्हीच नाही म्हणालात, आणि ती श्रेणी मिळत नाही. एकदा श्रेणी मिळाल्यानंतर बढती नाकारली तर मिळालेली काढून घेत नाहीत, फक्त पुढची लांबते. दहाव्या वर्षाच्या तोंडावर असलेल्या माणसानं हा फरक नीट समजून घ्यावा.

घेतली तर काय? लेव्हल 4 मध्ये एक वाढ देऊन 32,300, मग लेव्हल 5 मधला तेवढा किंवा लगेच वरचा आकडा: 32,900. पुढच्या वाढीला 33,900. समजा त्यानंतर, पद नियमितपणे धारण केलेलं असताना, त्यानं स्वतःच्या विनंतीवरून लेव्हल 4 वर परत यायचं ठरवलं. वेतन तक्त्यातल्या लेव्हल 4 च्या रकान्यात 33,900 नाही. म्हणून लगेच खालचा 33,300 मिळतो आणि उरलेले 600 ‘वैयक्तिक वेतन’ म्हणून वेगळे. पुढच्या वाढीला 34,300 झाले की ते 600 त्यात जिरतात. हातात त्या दिवशी एक रुपयाही कमी येत नाही. पण बढती तात्पुरती, अॅड-हॉक असेल आणि तो परत आला, तर हे संरक्षण नाही. मग तो लेव्हल 4 मध्येच राहिला असता तर जो असता तो पगार, म्हणजे 32,300. म्हणून आदेशात ‘नियमित’ लिहिलंय की ‘अॅड-हॉक’, हे आधी बघायला सांगा. बढतीच्या वेळी पगारनिश्चिती बढतीच्या तारखेपासून की पुढच्या वेतनवाढीपासून, हा पर्याय एका महिन्याच्या आत द्यायचा असतो. तो बहुतेकजण विसरतात.

राज्य सरकारच्या नोकरीत, म्हणजे आपल्याकडच्या शाळा, महसूल, आरोग्य खात्यांत, नियम कर्नाटकाचे चालतात आणि लेव्हलऐवजी वेतनश्रेण्या असतात. तिथं 10, 15, 20, 25, 30 वर्षांच्या कालबद्ध लाभांची रचना आहे. मुख्याध्यापकपद नको म्हणणाऱ्या शिक्षकानं ‘मुंबडती निराकरण’ असं लिहून देण्याआधी, याचा माझ्या पुढच्या कालबद्ध लाभावर काय परिणाम होईल, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर सेवापुस्तकाला जोडून घ्यावं. 1 एप्रिल 2006 च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे आणि ती शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर मागे येणाऱ्यांनी तर नक्कीच.

तब्येतीचं कारण कायम अपंगत्वापर्यंत गेलेलं असेल, अपघातात हात किंवा नजर गेली असेल, तर सरकारी आस्थापनेतल्या माणसानं स्वखुशीची पदावनती कधीच लिहून देऊ नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20(4) नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला पदावरून खाली आणता येत नाही. काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावं लागतं. ‘स्वइच्छेयिंद’ हा एक शब्द लिहून दिला की या कलमाचं छत्र आपणच मिटवल्यासारखं होतं. खाजगी कारखान्याला हे कलम लागू नाही. तिथं अपंगत्वामुळे पगार कमी झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी मात्र दोन भागांत काढायची असते. आधीच्या वर्षांची आधीच्या पगारावर आणि नंतरच्या वर्षांची कमी झालेल्या पगारावर. नुसत्या रक्तदाबाला हे लागू होणार नाही, पण अपघातग्रस्ताच्या घरच्यांना हे ठाऊक असावं.

तुम्ही सोमवारी सुट्टी टाकून येतो म्हणालात. येताना बढतीचं पत्र, कायम केल्याचं पत्र असेल तर ते, बढतीआधीच्या शेवटच्या आणि आताच्या महिन्याचं पगारपत्रक, आणि तुमच्याच वेळी लागलेल्या त्या ऑपरेटरचं ताज्या वाढीचं पत्र एवढं घेऊन या. ते शेवटचं मिळवायला जरा गोड बोलावं लागेल, पण 24,100 चा सगळा डोलारा त्याच कागदावर उभा आहे. तोवर ऑफिसनं विचारलं तर सांगा, अर्ज घरी वाचायला ठेवलाय.